‘अमेंडमेंट’ या शब्दात किती बदल मावतो?

संसदेला राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा अधिकार देणाऱ्या, भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 368 मध्ये ‘अमेंडमेंट’ हा शब्द आहे. त्याच्या पोटात नेमके किती बदल मावतात, हा केशवानंद भारती खटल्यातला एक कळीचा प्रश्न होता आणि त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या 13 न्यायमूर्तींनी 1972-73 मध्ये 68 दिवस युक्तिवाद ऐकले. असे असूनही निवडणुकीच्या भाषणांत, वाहिन्यांवरील चर्चांत आणि समाजमाध्यमांवर ‘घटनादुरुस्ती’ आणि ‘घटनाबदल’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत हा गोंधळ फारच वाढला. मला तो किरकोळ वाटत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या शब्दाचे लॅटिन मूळ दोष काढून टाकण्याशी जोडलेले आहे. मराठीत तो क्षेत्रानुसार वेगवेगळे रूप घेतो. कायद्याच्या अधिकृत मराठी मजकुरात ‘सुधारणा’, वर्तमानपत्रात ‘दुरुस्ती’, महापालिकेच्या सभागृहात ठरावाला येते ती ‘उपसूचना’. हिंदीत त्यालाच ‘संशोधन’ म्हणतात आणि मराठी वाचक ते वाचून क्षणभर प्रयोगशाळेत जातो. यांपैकी ‘दुरुस्ती’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण मूळ वस्तू शाबूत आहे हे त्यात गृहीतच असते.

हा अर्थ केवळ शब्दकोशातला नाही. आपल्या कोणत्याही तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात जाऊन पाहावे. वादपत्रात दुरुस्ती करू द्यावी असा अर्ज आला की समोरच्या वकिलांची ठरलेली हरकत असते, ती म्हणजे या दुरुस्तीमुळे दाव्याचे स्वरूपच बदलते. चुकीचा गट नंबर सुधारता येतो, राहून गेलेली मागणी जोडता येते. पण मनाईचा साधा दावा दुरुस्तीच्या नावाखाली पूर्णपणे वेगळाच दावा होऊ लागला, तर न्यायालय सहसा परवानगी देत नाही. सभेच्या कामकाजातही नुसता मूळ ठराव नाकारणारी उपसूचना ग्राह्य धरली जात नाही. ज्याला ठराव मान्य नसेल त्याने विरोधात मत द्यावे.

राज्यघटनेच्या बाबतीत मात्र हा प्रश्न फार अवघड झाला आणि त्याच्या दोन्ही बाजू मांडणारे न्यायमूर्ती मराठी होते, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी माहीत नाही. सर्वोच्च न्यायालयातील 1965 च्या सज्जन सिंग खटल्यात सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी बहुमताच्या निकालात लिहिले की, ‘अमेंड’चा शब्दकोशातला अर्थ दोष सुधारणे असा असला, तरी येथे त्या अर्थाचा आधार घेणे सर्वस्वी गैरलागू आहे. कायद्याच्या दुरुस्तीत एखादी तरतूद वगळून तिच्या जागी नवी घालणेही येऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच खटल्यात न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी वेगळी शंका नोंदवली. राज्यघटनेच्या एखाद्या मूलभूत वैशिष्ट्यात फेरफार करणे याला केवळ दुरुस्ती म्हणावे, की ते राज्यघटनेचा तेवढा भाग नव्याने लिहिणे ठरेल, आणि तसे ठरल्यास ते अनुच्छेद 368 च्या कक्षेत बसेल काय? त्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले नाही, तो विचारार्थ ठेवला. पुढच्या सगळ्या वादाचे बीज मला त्या एका प्रश्नात दिसते.

गजेंद्रगडकरांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क काढला, त्याच्या खुणा आजही छापील प्रतीत दिसतात. इंग्रजी प्रत उघडून अनुच्छेद 19 चा पहिला खंड पाहिला, तर ‘ई’ या उपखंडाच्या शेवटी चौकटी कंसात ‘आणि’ हा शब्द घातलेला आहे, ‘एफ’च्या जागी नुसत्या फुल्या आहेत आणि त्यानंतर ‘जी’ येतो. एक अख्खा हक्क गेला, अनुच्छेद 300ए मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून आला, तरीही राज्यघटना तीच राहिली. तेव्हा वगळणे हाही दुरुस्तीचा भाग असू शकतो. प्रश्न काय वगळले, याचा आहे.

संसदेलाही या शब्दाची ताकद ठाऊक होती. सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या गोलकनाथ निकालाने संसदेला मूलभूत हक्कांना हात लावण्यास मनाई केल्यावर 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 368 मध्येच भर घालण्यात आली, की दुरुस्ती म्हणजे भर घालणे, फेरबदल करणे किंवा निरसित करणे. शब्दाची व्याख्या रुंदावली की अधिकारही रुंदावेल, अशी ती अपेक्षा होती. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली, गोलकनाथचा निकाल बाजूला ठेवला, पण राज्यघटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही असेही 7 विरुद्ध 6 अशा निसटत्या बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा तर्क थेट या शब्दावरच उभा होता. दुरुस्तीनंतरही जुनी राज्यघटना आपली ओळख न गमावता टिकून राहते, हे ‘अमेंडमेंट’ या शब्दात अध्याहृत आहे, असे ते म्हणाले. लोकशाहीच्या जागी हुकूमशाही किंवा वंशपरंपरागत राजेशाही आणणे दुरुस्तीत बसणार नाही.

निवडून न आलेल्या न्यायमूर्तींनी संसदेच्या अधिकाराला कुंपण का घालावे, हा आक्षेप गंभीर आहे आणि मी तो हलक्यात घेत नाही. परंतु संसदेला दुरुस्तीचा अधिकार याच राज्यघटनेने दिला आहे. ज्या दस्तऐवजाने अधिकार दिला तोच त्या अधिकाराने संपवता येतो, हे मला तर्काला धरून वाटत नाही. 1973 मध्ये अल्पमतात असलेले यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी सरन्यायाधीश म्हणून 1980 च्या मिनर्व्हा मिल्स निकालात हेच मांडले. हवी तशी दुरुस्ती करा, पण राज्यघटना हा मोलाचा वारसा आहे, तिची ओळख नष्ट करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. दुरुस्तीच्या अधिकारावर कोणतीही मर्यादा नाही असे सांगणारी, आणीबाणीतल्या 42 व्या घटनादुरुस्तीने घातलेली तरतूद त्या निकालाने रद्द झाली.

म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे असे की, 2023 मधील महिला आरक्षणाच्या 106 व्या घटनादुरुस्तीसारख्या तरतुदीला कोणी ‘घटना बदलली’ म्हणू नये, आणि मूलभूत चौकटीला हात घालणारा प्रस्ताव आला तर त्याला ‘एक दुरुस्ती’ म्हणून सौम्यही करू नये. बातमीदारांनी प्रत्येक वेळी कोणत्या अनुच्छेदातले कोणते शब्द गेले आणि त्यांच्या जागी कोणते आले, एवढे दोन ओळींत छापावे. राजपत्रात ते तसेच दिलेले असते.