त्या बायांना चेटकिणी म्हणू नका

बोलिव्हियातल्या ला पाझहून परतले तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. तिथे सान फ्रान्सिस्को चर्चच्या वरच्या चढावर, सागार्नागा आणि लिनारेस गल्ल्यांच्या आसपास, आयमारा या तिथल्या आदिवासी लोकांच्या औषधांचा आणि पूजेच्या सामानाचा बाजार भरतो. पर्यटकांसाठी त्याचं नाव 'चेटकिणींचा बाजार'. मी आधी पाहिलेल्या एका मराठी व्हिडिओतही हेच नाव होतं, वर भुताटकीचं संगीत.

बाईला चेटकीण म्हटलं की पुढे काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपल्याकडे अजून येतात. २०१३ साली त्यासाठी कायदा करावा लागला. आणि तोच शब्द आपण परक्या देशातल्या कष्टकरी बायांना गंमत म्हणून चिकटवतो?

तिथे या विक्रेत्या बायांना 'चिफ्लेरा' म्हणतात. पोयेरा म्हणजे घेरदार घागरा, खांद्यावर शाल, डोक्यावर छोटी गोल हॅट. पहिल्या दिवशी मी न विचारता मोबाईल वर केला, तर समोरच्या आजींनी झटकन तोंडापुढे हात धरला. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मोबाईल पिशवीत ठेवून गेले आणि मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये माफी मागितली. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

आजी एका गिऱ्हाइकासाठी 'मेसा' मांडत होत्या. मेसा म्हणजे पाचामामेला, धरणीमातेला द्यायचा नैवेद्य. पांढरा कागद पसरला. त्यावर 'कोआ' नावाची वासाची वनस्पती, रंगीत लोकरीचे धागे, लामा या लोकरीच्या, उंटाच्या जातीतल्या प्राण्याची चरबी, कोका नावाच्या झुडपाची निवडून घेतलेली अखंड पानं. मग साखरेच्या वड्या. त्यांच्यावर छाप होते : घर, गाडी, सूर्य, नवराबायको. ज्याला जे हवं त्याची वडी. शेवटी सोनेरी-चंदेरी कागद, आणि मधोमध लामाचं वाळलेलं अर्भक, 'सुल्यु'. कॅमेरे फक्त यावरच रोखलेले असतात. ही अर्भकं बहुतेक गर्भपात झालेल्या किंवा कापलेल्या माद्यांची असतात. नवं घर बांधताना त्याच्या पायाखाली सुल्यु पुरतात. भूमिपूजन, वास्तुशांत करणाऱ्या आपल्या लोकांना यात भयानक काय दिसावं? ऑगस्टमध्ये तर तिथे झुंबड असते, कारण तेव्हा धरणीचं तोंड उघडं असतं, ती भुकेली असते असं मानतात.

विधी करणारा 'यातिरी'. शब्दाचा अर्थ 'जाणणारा'. आपला 'जाणता'च की!

सुल्यु पुरला म्हणून घर टिकतं असं मी मानत नाही. गंभीर आजारात आधी डॉक्टर गाठावा हेही माझं ठाम मत आहे. पण न मानणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. शिवाय निम्मा बाजार म्हणजे सरळसरळ काष्ठौषधींचं दुकान आहे. मुळ्या, साली, सुकी फुलं, पोटदुखीचे काढे. तिथून दूर चाराझानी भागातले काल्यावाया वैद्य पिढ्यान्‌पिढ्या हेच करत फिरतात. त्यांच्या परंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये मान दिला.

हिवतापावर आपल्या आजी-आजोबांनी घेतलेलं कडू कोयनेल आठवतं? ज्या सिंकोनाच्या सालीपासून ते होतं, ते झाड मूळचं अँडीजच्या उतारांवरचं. १८६५ साली मानुएल इंक्रा ममानी या बोलिव्हियन आदिवासी माणसाने त्याचं उत्तम बी एका इंग्रज व्यापाऱ्याला मिळवून दिलं. पुढे ते डचांनी घेतलं आणि जावा बेटावर मळे उभे राहिले. ममानीला मात्र त्यापायी तुरुंग आणि मार मिळाला, आणि त्यातच तो गेला. जगाने यांच्याकडून औषध घेतलं आणि यांना नाव दिलं चेटकीण. याचा मला राग येतो.

कोकाचंही तेच. साडेतीन हजार मीटरहून जास्त उंचीवर माझं डोकं फुटायची वेळ आली तेव्हा हॉटेलात सगळ्यात आधी कोकाचा चहाच हातात दिला. कोकेन याच पानांपासून काढतात, म्हणून नुसती पानं चघळण्यालाही बंदी; त्या चघळण्याच्या हक्कासाठी बोलिव्हिया अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारातून बाहेर पडला आणि २०१३ मध्ये आपली अट घालूनच परत आत गेला.

निघताना मी थोडा कोआ घेतला. भाजीवाली वर चार मिरच्या टाकते ना, तशी आजींनी आणखी एक मूठ टाकली. 'यापा', म्हणाल्या. वरच्या मापाला तिथे हाच शब्द आहे.

प्रवासाची पानं चालवणाऱ्यांना एवढीच विनंती : गल्लीचं नाव लिनारेस आहे. तेवढंच लिहा. आणि फोटो विचारून काढा.