वरातीमागून टायटल

तुम्ही कॅलिफोर्नियात राहता, मुलं कॉलेजला गेलीत, गराजचा एक कोपरा रिकामा झालाय आणि डोक्यात हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून बनवलेली सुसाट गाडी, शिरलीय. उत्तम. फक्त एक पथ्य पाळा. कागदपत्रांचं नाव काढू नका. शुभकार्यात असला अभद्र विषय कशाला? आधी गाडी तर उभी राहू दे, डीएमव्ही, म्हणजे इथलं आरटीओ, कुठे पळून जातंय.

ज्यांना हा रोग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं भंगारात निघालेल्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, इंजिनाशी मस्ती करायची आणि म्युरॉक नाहीतर एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवायची. १९३२ ची फोर्ड हे या पंथाचं कुलदैवत. कारकुनाच्या खिशाला परवडणाऱ्या या गाडीत कंपनीने ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन बसवलं, म्हणून. आज जी ‘१९३२ ची फोर्ड’ तुम्हाला प्रदर्शनात दिसते तिची बॉडी गेल्या पाच-दहा वर्षांत ठोकलेल्या पत्र्याची किंवा फायबरग्लासची असते, चासी नवी, इंजिन शेव्हरोलेचं, ३५० घन इंचांचं, आणि ब्रेक तिसऱ्याच कुणाचे. हेन्री फोर्डचं त्यात उरतं ते आकारापुरतं. पुण्यात पेठेतला वाडा पाडून सात मजली इमारत उभी करतात आणि फाटकावर वाड्याचं नाव तेवढं तसंच ठेवतात ना, त्यातला प्रकार. पेठेत कुणी काही म्हणत नाही. इथे काउंटरवरची बाई विचारते, ‘वाडा कुठाय?’

म्हणून पहिला सल्ला: खरेदी करताना टायटल मागू नका. टायटल म्हणजे गाडीचा सातबारा. आपल्याकडे आरसी बुकात मालकी आणि पासिंग एकाच कागदावर उरकतं. इथे रजिस्ट्रेशन वेगळं आणि मालकीचं टायटल वेगळं. मी एका स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या बाजारात, पहाटे साडेपाचला, टॉर्चच्या उजेडात, १९३१ च्या मॉडेल ए फोर्डची चासी घेतली. विकणारे काका खुर्चीत बसून डोनट खात होते. टायटलचं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भर मांडवात नवरीचं वय विचारलंय. म्हणाले, ‘ही गाडी टायटल नसलेल्या राज्यातली आहे.’ आता अशी राज्यं खरोखरच आहेत. न्यूयॉर्क १९७२ पर्यंतच्या गाड्यांना टायटल देतच नाही, तिथे रजिस्ट्रेशन हाच मालकीचा कागद. मी विचारलं, मग ते रजिस्ट्रेशन? ते मेव्हण्याकडे होतं. मेव्हणा? तो वारला होता. काकांनी मला बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची चिठ्ठी, डोनटच्या पिशवीवर लिहून दिलं. ते अजून माझ्या फायलीत आहे. दर पावसाळ्यात त्याला मुंग्या येतात.

दुसरा सल्ला चासीच्या नंबराबद्दल. तो शोधायच्या फंदात पडू नका. आधी सगळी चासी सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडून, घ्या, मग तिच्यावर पावडर कोटिंगचा चांगला जाड थर चढवा, मग वर बॉडी बसवून बोल्ट आवळून टाका. का ते सांगतो. आजचा सतरा अंकी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, १९८१ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली वहिवाट. मॉडेल ए फोर्डवर इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर, सुरुवातीला ए आणि दोन्ही टोकांना एकेक चांदणी. तोच नंबर कारखान्यात चासीच्या डाव्या पट्टीवरही ठोकत, पण अशा जागी की बॉडी उचलल्याशिवाय तो दिसायचा नाही. इंजिन कधीच भंगारात गेलेलं असतं, बहुधा तुमच्या जन्माआधी. म्हणजे तुमच्या गाडीची ओळख बॉडीखाली, पेंटखाली, गंजाखाली, अशी तीन पदरांत लपलेली. तुळशीवृंदावनाखाली पुरलेलं सोनं एकवेळ लवकर सापडेल.

माझ्या गाडीच्या नंबराची तपासणी झाली तेव्हा महामार्ग पोलिसांचा अधिकारी चाळिशीचा, शांत माणूस होता. त्याने आरसा घातला, टॉर्च मारला, मग अंगठ्याने पट्टी चाचपली. आमचा गल्लीतला डॉक्टर पोट चाचपायचा तशी. मग म्हणाला, ‘बॉडी सैल करावी लागेल.’ दोन आठवड्यांनी, बोल्ट सोडून, बॉडी चार इंच उचलून, मी एमरी पेपरने पावडर कोटिंग घासत बसलो. ज्या कोटिंगचे पैसे मोजताना मी ‘अजून एक हात मारा’ म्हणालो होतो, तेच. एक चांदणी निघाली. मग ए. मग दोन, सात आणि बहुतेक तीन. पुढचं सगळं सँडब्लास्टिंगने नेलं होतं. अधिकाऱ्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला आणि वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं. इतकं कमी वाचून इतकं जास्त लिहिणारा माणूस मी मराठी समीक्षेबाहेर प्रथमच पाहिला.

कायदा मात्र सरळ आहे, म्हणून तर तो वाचू नये. स्वतःच्या वापरासाठी, विकण्यासाठी नव्हे, घरी जोडलेल्या गाडीला कॅलिफोर्नियाच्या व्हेईकल कोडात ‘स्पेशली कन्स्ट्रक्टेड व्हेईकल’ म्हणतात. डीएमव्हीच्या कागदावर पाच अक्षरांत तिचं नाव येतं: एसपीसीएनएस. फोर्ड नाही, शेव्हरोले नाही. चार वर्षं घाम गाळून बांधलेल्या गाडीच्या कागदावर उच्चारता न येणारं हे एवढंच. अनाथाश्रमातसुद्धा मुलाचं नाव जरा बरं ठेवतात.

अशा गाडीला धुराचे नियम लागतात ते आजच्या तारखेचे, म्हणजे १९३१ च्या आकाराच्या डब्याने नव्या गाडीइतका स्वच्छ धूर सोडायचा. पण कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणीच नाही. मग गाडीवर ‘फोर्ड, १९३२’ असा जुना कागद चिकटवायचा मोह का होतो, ते सांगायला नको. सरकारलाही तो मोह कळला. २००१ साली सिनेट बिल १०० मंजूर झालं. वर्षाला पहिल्या ५०० घरगुती गाड्यांना सवलत मिळू लागली: गाडीची बॉडी किंवा इंजिन ज्या सालच्या गाडीसारखं दिसतं, धुराचे नियम त्या सालचे. कशासारखीच दिसत नसेल तर १९६० धरायचं. माझी बॉडी दिसते १९३१ सारखी, आणि १९३१ साली धुराला कायदाच नव्हता. प्रामाणिक माणसासाठी याहून मोठी सोय शोधून सापडायची नाही.

यावर माझा सल्ला असा, की फेब्रुवारीत जा. अख्ख्या राज्यात ५०० नंबर, आणि गराज किती आहेत ते तुम्हीच मोजा. जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी लोक पहाटेपासून थर्मास घेऊन उभे राहतात. गणपतीत कोकण रेल्वेचं बुकिंग ज्यांनी केलंय त्यांना हे दृश्य समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथे वेटिंग लिस्टसुद्धा नाही. मी पहिल्या वर्षी आठ तारखेला गेलो होतो. सुट्टीवरून आलो होतो, जेट लॅग उतरला नव्हता. काउंटरवरच्या बाईंनी मला पुढच्या जानेवारीची शुभेच्छा दिली.

पावत्याही सांभाळू नका. कुठला भाग कुठून घेतला ते डीएमव्हीला दाखवावं लागतं, इंजिनापासून अॅक्सलपर्यंत, चोरीचा माल नाही हे पटवायला. शिवाय गाडीची किंमत लिहून द्यायची आणि करही भरायचा. एका चौकोनात एकूण आकडा. चार वर्षं मी ती बेरीज कुणालाच, म्हणजे मलासुद्धा, सांगितली नव्हती. बुटांच्या खोक्यातल्या पावत्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या तेव्हा कळलं की नुसत्या नट-बोल्टांत आमच्या गावाकडची एक विहीर खणून झाली असती. पाणी लागलं असतं की नाही ते सोडा.

एवढं करायला वेळ नसेल तर आडवाटा आहेतच. मॉंटानात विक्रीकर नाही आणि ११ वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला कायमची नंबर प्लेट मिळते. तेव्हा तिथे एक कंपनी काढा, कंपनीच्या नावावर गाडी चढवा, आणि रोज सकाळी तीच मॉंटानाची प्लेट घेऊन फ्रीमॉंटच्या रस्त्याने ऑफिसला जा. शेजाऱ्यांना वाटेल तुम्ही रोज मॉंटानाहून येता. कर खात्यालाही तसंच वाटेल, असं आपण धरून चालू. व्हरमॉंटचा रस्ता मात्र चुकलाच. १५ वर्षांहून जुन्या गाडीला तिथे टायटल लागत नाही, नुसत्या बिल ऑफ सेलवर पोस्टाने रजिस्ट्रेशन यायचं, तुम्ही व्हरमॉंट नकाशावरही पाहिलेलं नसलं तरी. डोनटच्या पिशवीवालेही तिकडे रांगेत होते. २०२३ मध्ये त्यांनी परराज्यातल्यांसाठी ते दार लोटलं. टेक्ससमध्ये हमीपत्रावर टायटल मिळतं, गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचं, तीन वर्षांसाठी. पण तो मार्ग सरळ आहे, म्हणून तुम्हाला आवडणार नाही.

आणि सगळ्यात झकास आडवाट म्हणजे दत्तक नंबर. कुठल्यातरी मेलेल्या फोर्डचं टायटल विकत घ्यायचं, तिचा नंबर आपल्या नव्या चासीवर ठोकायचा. मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. व्हीआयएन काढणं, खोडणं किंवा बदलणं हा केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंग. पण तुम्ही तर आवडीने करताय, तुम्हाला कोण काय म्हणणार?

याबाबत कॅन्ससमध्ये एका गृहस्थांना विचारा. त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. परराज्यातून ५० हजार डॉलरना १९५९ ची लाल कोर्व्हेट घेतली आणि २०१७ मध्ये, शहाण्यासारखी, पासिंगला नेली. तपासणीत दिसलं की नंबरच्या पट्टीचे रिव्हेट मूळचे नाहीत. आधी कुणीतरी गाडी दुरुस्त करताना पट्टी काढून परत लावली होती, एवढंच. गाडी जप्त. राज्याच्या कायद्याप्रमाणे तिचा चुराडा व्हायला हवा होता. वर्षानुवर्षं खटला चालला, गाडी पडून राहिली. शेवटी २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदाच बदलला, दुरुस्तीसाठी पट्टी काढली तर गुन्हा नाही म्हणून, तेव्हा कुठे गाडी वाचली. एका रिव्हेटसाठी विधानसभा! आमदार कामाला लागावेत असं वाटत असेल तर रिव्हेटच बदलायला हवा.

इतर राज्यांत राहत असाल तर नशीबवान आहात. पुष्कळ राज्यांनी ‘स्ट्रीट रॉड’ नावाचा वर्गच काढलाय: १९४९ च्या आधीची किंवा तशी दिसणारी, फेरफार केलेली गाडी. जिच्यासारखी दिसते त्या सालची म्हणून तिचं टायटल होतं. टेललाइटच्या मधोमध निळा ठिपकासुद्धा ठेवू देतात. अट एकच, की रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरायची नाही. प्रदर्शनं, मेळावे, मिरवणुका आणि अधूनमधून फेरफटका. म्हणून तुम्ही ती इंडियन ग्रोसरीसमोर उभी करा. कोथिंबीर, कढीपत्ता, दहा किलो कणीक. पोलिसाने विचारलं तर सांगा, मिरवणूक आहे.

कोल्हापूरचा माझा आतेभाऊ म्हणतो, तुमच्याकडे फारच लाड आहेत. त्याचं खरं आहे. भारतात २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ची विंटेज नंबर प्लेट मिळते, २० हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे हॉट रॉड सोडून बाकी सगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीची मूळ घडण बदलू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. आतेभावाच्या बुलेटचा सायलेन्सर चौकात रोड रोलरखाली गेला, भोवती फोटोग्राफर होते. तो म्हणतो, लग्नातही इतके फोटो निघाले नव्हते.

माझं काम अखेर झालं. दुसऱ्या जानेवारीत, पहाटे सव्वाचारला रांगेत उभा राहून. माझ्या पुढे एक म्हातारा होता, घडीची खुर्ची आणि कुत्रा घेऊन आलेला, अकरावी गाडी म्हणाला. त्याची फाईल इतकी नीट होती की मला लाज वाटली. मग ब्रेक-दिव्यांची तपासणी, धुराच्या रेफरीकडे, म्हणजे राज्याने नेमलेल्या तपासनीसाकडे, हजेरी, आणि एका सकाळी राज्याने दिलेली नव्या नंबराची निळी पट्टी चासीवर ठोकली गेली. जुनी चांदणी, ए, दोन, सात आणि बहुतेक तीन त्याच्या शेजारीच आहेत. मी घासलेल्या जागेवर पुन्हा रंग मारलेला नाही.

काल रात्री एक जाहिरात दिसली. १९३४ च्या फोर्डची बॉडी, बेकर्सफील्डच्या पुढे एका शेतात पडलेली, खाली लिहिलंय ‘नो पेपर्स’. किंमत फारच कमी आहे. शनिवारी जाणार आहे. फक्त ट्रेलरचं रजिस्ट्रेशन मार्चमध्ये संपलंय, ते आल्यावर बघू.