टोगोवाला फॉरवर्ड आणि आमची मावशी

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, तुमच्याकडेही फिरत असेल. 'आफ्रिकेतल्या टोगो देशाने एकही सर्वे न करता, फक्त मोबाईल डेटा आणि सॅटेलाइटवरून १००% अचूक गरीब शोधले, दलाल शून्य! मग आपण जनगणना आणि सर्वेवर पैसे का उधळतोय?' टाकला कोणी, तर मावशीच्याच थोरल्याने, आणि खाली 'आई, आता तुझी सुट्टी' म्हणून हसायच्या चार इमोज्या. मावशी अंगणवाडी सेविका आहे, वीस वर्षं रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतेय. रात्री तिचा मला फोन, 'खरंच बंद होणार का रे आमचं?' तेव्हा डोकं फिरलं.

'एकही सर्वे न करता' ही तर शुद्ध थाप आहे. झालं काय ते सांगतो. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनमुळे हातावर पोट असलेल्यांचे हाल सुरू झाले, तेव्हा टोगो सरकारने गरजूंना थेट पैसे देणारी 'नोव्हिसी' नावाची योजना काढली. सुरुवातीला मतदार यादी वापरली कारण त्यात लोकांचा धंदा लिहिलेला होता. नंतर खेड्यांत जायचं ठरलं तेव्हा सॅटेलाइटच्या फोटोंवरून बनवलेल्या गरिबीच्या नकाशावरून सगळ्यात गरीब १०० कँटन (आपल्या मंडळासारखं समजा) निवडले आणि तिथली गरीब माणसं मोबाईलच्या वापरावरून निवडली. आता एखादा माणूस किती कॉल करतो, कधी करतो, डेटा किती वापरतो यावरून तो गरीब आहे हे मशीनला कळलं कसं? तर सप्टेंबर २०२० मध्ये जवळपास १०,००० लोकांना फोन लावून घरात काय काय आहे वगैरे विचारलं, ती उत्तरं त्यांच्या कॉल रेकॉर्डशी जोडली, त्यातून मशीन शिकलं. गरिबी मोजताना घरातल्या कुठल्या वस्तूला किती महत्त्व द्यायचं हे आलं २०१८-१९ च्या घरोघरच्या सर्वेतून. तो सॅटेलाइटचा नकाशासुद्धा आधी कोणीतरी दारोदार जाऊन आणलेल्या आकड्यांवरच शिकवलेला. म्हणजे सगळा डोलारा सर्वेवर उभा, आणि फॉरवर्डवाले म्हणतायत सर्वे बंद करा! बंद केले तर पुढच्या वेळी मशीनला शिकवणार काय, इमोज्या?

१००% अचूक हे कोणी मोजलं देव जाणे. ज्यांनी ही पद्धत बनवली त्याच संशोधकांचा पेपर २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलाय. सरकारकडे त्यावेळी दुसरा पर्याय होता तो म्हणजे भाग बघून सरसकट वाटप, त्याच्या तुलनेत गरजू वगळले जाण्याचं प्रमाण ४ ते २१ टक्क्यांनी कमी झालं. चांगलंच आहे. पण त्याच पेपरात पुढे लिहिलंय की देशभरातल्या कुटुंबांची नीट नोंदवही असती तर तिच्या तुलनेत या पद्धतीत वगळले जाणारे ९ ते ३५ टक्क्यांनी जास्त. टोगोकडे अशी नोंदवहीच नव्हती म्हणून मोबाईल कामाला आला. म्हणजे मावशीच्या काखेतल्यासारखं रजिस्टर तिथे देशभर असतं तर ते जिंकलं असतं, हे खुद्द मशीनवाले सांगतायत.

फोनचं तर विचारूच नका. ज्याच्याकडे फोनच नाही तो या हिशोबात दिसतच नाही. मावशीच्या रजिस्टरमध्ये वस्तीवरची एक आजी आहे, तिच्या नावापुढचा नंबर नातवाचा, तो चाकणला कंपनीत कामाला. मशीन त्याचा रिचार्ज बघून आजीला खाऊनपिऊन सुखी ठरवणार. मावशीला माहितीये की आजीची चूल कधीकधी दोन दिवस पेटत नाही. आणि मशीनने नाव उडवलं तर भांडायचं कोणाशी, निदान मावशीच्या दारात जाऊन ओरडता तरी येतं.

दलालांचं मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. साध्या कीपॅडच्या फोनवरून *८५५# लावायचं, पात्र असाल तर पैसे थेट मोबाईल खात्यात, स्मार्टफोन लागत नव्हता, रांग नव्हती. पहिल्या टप्प्यात बायकांना महिन्याला १२,२५० सीएफए फ्रँक (तिथलं चलन) आणि पुरुषांना १०,५००, हेही मला आवडलं. करोनात दारोदार जाणं शक्यच नव्हतं, त्यावेळी यापेक्षा बरं काय करता आलं असतं मला सुचत नाही.

पण त्यावरून जनगणना उधळपट्टी? आपल्याकडे २०२१ ची जनगणना वेळेत झाली नाही आणि रेशनचा कोटा २०११ च्या लोकसंख्येवरच मोजत राहिले, मधल्या काळात वाढलेल्या तोंडांचं काय ते रेशन दुकानात जाऊन विचारा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. थोरल्याने अंगठा दाखवला आणि तासाभरात दुसरा फॉरवर्ड टाकला, हळदीच्या पाण्याचा. मावशीला फोन करून सावकाश समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'त्या टोगोत सर्वे करणाऱ्या बायकांना मानधन किती देतात रे?'