फ्री-फ्लो लावला की पिकअप वाढतो, हे खरं नाही

बुलेटवाल्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतो: ‘कंपनीचा सायलेन्सर इंजिन दाबून धरतो. फ्री-फ्लो (आत अडथळा कमी असलेला मोकळा सायलेन्सर) लावा, पिकअप वाढेल, मायलेज वाढेल आणि आवाजामुळे अपघातही टळतील.’ त्यावर विश्वास ठेवून पोरं चांगला सायलेन्सर भंगारात घालतात, म्हणून हे लिहितोय.

खरी गोम पिकअपमध्ये आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका गॅस बाहेर सोडणारी झडप, उघडला की पाइपातून दाबाची लाट सुटते. पाइप जिथे रुंद होतो तिथून ती कमी दाबाची होऊन मागे फिरते. हा व्हॉल्व्ह आणि मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती इंजिनापाशी पोचली, तर जळका गॅस ओढून काढते आणि हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत घेते. तिची वेळ पाइपच्या लांबीवर ठरते, गॅसचा वेग व्यासावर. नुसता जाड, मोकळा पाइप लावला की खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हा वेग पडतो. क्लासिक ३५० चा २७ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ४००० आरपीएमला मिळतो. घाटात गाडी ओढते ती याच पट्ट्यात. तिथलाच टॉर्क घालवून वर आवाज मिळवायचा? ‘इंजिनाला बॅक प्रेशर (सायलेन्सरचा उलटा दाब) लागतंच’ हेही चूक. दाब नको असतो, लाटेची वेळ जुळावी लागते.

मायलेजही वाढत नाही. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीत सावकाश चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मिश्रण सावरतं. पण जॉइंटचं गॅस्केट नीट बसलं नाही तर बाहेरची हवा शिरते, सेन्सर फसतो आणि पेट्रोल जास्त जातं. किल स्विच बंद-चालू करून फटाके काढणाऱ्यांनी तर ऐकाच: न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं, त्या उष्णतेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे विषारी धूर कमी करणारा भाग, वितळू शकतो.

अपघात टळतात? सायलेन्सरचं तोंड मागे. पुढच्या ट्रकवाल्याला तुमचा आवाज उशिरा कळतो. काच लावून एसीत बसलेल्याला तर बहुधा तुम्ही बाजूला आल्यावरच. मधल्या मध्ये दवाखान्यातला पेशंट दचकतो. अशा आवाजासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भारदस्त आवाज आवडणं गैर नाही, आणि हलक्या स्लिप-ऑनने (फक्त मागचा डबा बदलणारा सायलेन्सर) वजन खरंच कमी होतं. फक्त आधी कन्व्हर्टर बेंड पाइपात (इंजिनापासून निघणारा वाकडा पाइप) आहे की मफलरमध्ये (मागचा डबा) ते बघा. मफलरमध्ये असेल तर स्लिप-ऑनबरोबर तोही जातो. डीबी किलर, म्हणजे तोंडात बसवलेली आवाज कमी करणारी नळी, काढू नका. पॉवर वाढते म्हणणाऱ्या दुकानदाराकडे त्याच गाडीचा आधीचा आणि नंतरचा डायनो ग्राफ (मशीनवर मोजलेल्या पॉवर-टॉर्कचा आलेख) मागा, आणि त्यात २५०० ते ४००० आरपीएममधली टॉर्कची रेघ बघा.