न्यूट्रिनोने विश्वाचं कोडं सोडवलं? थांबा जरा

‘जपानच्या प्रयोगाने ९९.७ टक्के खात्रीने सिद्ध केलं की न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो वेगळे वागतात. द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य संपलं, ते यामुळेच.’ हा मजकूर अजून फिरतो आहे. (न्यूट्रिनो म्हणजे अतिशय हलके, विद्युतभार नसलेले कण. प्रत्येक कणाला उलट गुणांचा जोडीदार, म्हणजे प्रतिकण असतो. कोडं हे की दोन्ही सारखेच जन्मले असते, तर एकमेकांना संपवून काहीच उरायला नको होतं.)

आधी तो आकडा. ९९.७ खरा, पण भलत्याच गोष्टीला चिकटवलेला. टी-टू-के प्रयोगात जपानमधल्या तोकाईहून सोडलेला न्यूट्रिनोंचा झोत २९५ किलोमीटरवरच्या सुपर-कामिओकांडे या भूमिगत शोधयंत्रात टिपतात. २०२०च्या निकालात इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो या प्रकाराच्या ९० आणि त्याच्या प्रतिन्यूट्रिनोंच्या १५ नोंदी होत्या. (ही तफावत पाहून हुरळू नका, प्रतिन्यूट्रिनो मुळातच कमी टिपले जातात.) दोघांच्या वागण्यातला फरक सिद्धांतातल्या एका कोनाच्या किमतीवर ठरतो. त्याच्या जवळपास निम्म्या किमती ९९.७ टक्क्यांवर बाद झाल्या. ‘फरकच नाही’ ही शक्यता मात्र फक्त ९५ टक्क्यांवर बाद झाली. कणभौतिकीत शोध म्हणायचं तर योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक इतकी खाली यावी लागते.

कण आणि प्रतिकण यांच्यात ‘असा फरक पहिल्यांदाच दिसला,’ असंही सांगितलं जातं. तेही चूक. क्रोनिन आणि फिच या भौतिकशास्त्रज्ञांना तो १९६४ मध्येच केऑन या क्वार्कांपासून बनलेल्या कणांत सापडला होता. क्वार्कांमधला (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांमधला) तो फरक विश्वात द्रव्य का उरलं हे सांगायला फारच तोकडा पडतो, म्हणून तर सगळे न्यूट्रिनोंकडे वळले.

खरी गफलत ‘यामुळेच’ या शब्दात आहे. न्यूट्रिनोंमुळे द्रव्य उरलं, ही कल्पना १९८६ मध्ये फुकुगिता आणि यानागिदा या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली. तीत काम करतात ते जपानमध्ये मोजलेले हलके न्यूट्रिनो नव्हेत, तर त्यांचे अतिजड भाऊबंद. साध्या प्रारूपांत ते प्रोटॉनच्या निदान अब्जपट जड असतात. कुठल्याही यंत्रात ते बनवणं आपल्या आवाक्याबाहेर. आदिविश्वात ते विघटित होताना लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांच्या कुळातले कण) आणि प्रतिलेप्टॉन यांचा हिशेब किंचित बिघडला, आणि त्यातला काही भाग पुढे प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या खात्यात वळला. आजचं द्रव्य उरायला अब्जात एकाच्या आसपास जादा कण पुरत होते. पण जडांच्या विघटनातला फरक आणि हलक्यांचा तो कोन यांत थेट दुवा नाही. कोन शून्य निघाला तरी कल्पना तगू शकते. मोठा निघाला तरी सिद्ध होत नाही.

त्यापेक्षा न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण आहे का, हे कळणं मोलाचं, कारण ही कल्पना त्याच गृहीतकावर उभी आहे. कॅमलँड-झेनसारखे प्रयोग झेनॉनमध्ये न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा-क्षय शोधत आहेत, म्हणजे अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण न्यूट्रिनो एकही नाही. तसं दिसलं, तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण ठरेल. असा क्षय अजून दिसलेला नाही.