दुखत नसताना सुया टोचून घेतल्याने हंगामभराचं दुखणं टळत नाही

कापूस वेचणीच्या तोंडावर आपल्या खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘काही दुखत नसलं तरी ॲक्युपंक्चर करून घ्या. एंडॉर्फिन वाढतं, हंगामभर दुखणं जाणवत नाही. चीनमध्ये तर भूल न देता ऑपरेशनं होतात. साईड इफेक्ट शून्य.’

भुलीचं आधी. ही गोष्ट जगभर गाजली ती १९७१ मध्ये, अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांच्या पेकिंगमधल्या (आताचं बीजिंग) अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे. त्यांनी स्वतःच लिहिलंय की ऑपरेशनला भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. सुया टोचल्या त्या नंतर, पोट अस्वस्थ झालं तेव्हा.

एंडॉर्फिन म्हणजे शरीरात तयार होणारं वेदनाशामक. त्या मुद्द्यात तथ्य आहे. १९७७ मध्ये निरोगी माणसांच्या दाताला विजेचे झटके देऊन पाहिलं. सुयांनी कळ कमी झाली आणि एंडॉर्फिनला अडवणारं नॅलोक्सोन देताच परत आली. पण १९८३ च्या तशाच प्रयोगात नॅलोक्सोनने काही फरक पडला नाही. त्यात १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांमध्ये दिसलं, की नुसत्या खोट्या औषधाने मिळालेला आरामही नॅलोक्सोनने जातो. म्हणजे ‘आता बरं वाटणार’ या भरवशावरही शरीर एंडॉर्फिन सोडतं.

मग सुईचा वाटा किती? त्यासाठी १९९८ मध्ये जर्मनीत एक सरकती सुई वापरली. टोक बोथट, कातडीला टेकलं की सुई तिच्या पोकळ दांडीत मागे सरकते, अंगात शिरतच नाही. तरी ६० पैकी ४७ स्वयंसेवकांना ती आत शिरल्यासारखी वाटली! पुढे २००७ मध्ये तिथेच कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर चाचणी झाली. खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के लोकांना फरक पडला, खोट्याने (भलत्याच जागी वरवर सुया टोचून) ४४.२ टक्के, नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के. दुखणाऱ्याला आराम पडतो, हे मी नाकारत नाही. मेसेज मात्र धडधाकट माणसांना बोलावतोय.

आणि ‘हंगामभर’? १९७३ मध्ये पेकिंगच्याच मेडिकल कॉलेजने निरोगी माणसांवर मोजलं: सुया चालू असताना अर्ध्या तासात कळ सोसण्याची ताकद वाढली, सुया काढल्यावर दर १६ मिनिटांना तो परिणाम निम्मा होत गेला. रावेरला सुया टोचून एसटीत बसलात, तर भुसावळला उतरेपर्यंत त्यातलं नावालाच उरेल.

साईड इफेक्ट शून्य हेही खोटं. वापरलेल्या सुयांमधून कावीळ ‘बी’ पसरल्याच्या, छातीत खोल गेलेल्या सुईने फुफ्फुसाला भोक पडल्याच्या नोंदी आहेत.

भाऊ, केळीचे घड वाहताना खांदा ठणकायला लागला, तर ओझं उतरवा. ठणका राहिलाच तर डॉक्टरांना दाखवा. सुयाच घ्यायच्या असतील, तर सीलबंद पाकीट समोर फोडायला लावा.