म्यू गुणिले कपाट

आमच्या घरात वयानं आणि मानानं सगळ्यात मोठं कोण असेल, तर मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट. आईच्या लग्नात आलं, तेव्हापासून जागचं हललेलं नाही. सुना आल्या, टीव्ही बदलले, गोदेचे पूर दुतोंड्या मारुतीला बुडवून ओसरले; कपाट तिथंच.

यंदा श्रावणात त्याच्यामागच्या भिंतीला ओल आली. पंचवटीतल्या जुन्या घरांना हे नवं नाही. रंगारी पोपड्यांवर नख मारून म्हणाला, "कपाट हातभर पुढं घेऊन ठेवा, उद्या येतो." आणि गेला. सांगायला त्याचं काय जातं!

मी खांदा लावला आणि रेटलं. खोलीत काहीतरी नक्की सरकलं. ते मी होतो.

"बाबा, तुझं घर्षण कमी पडतंय," पलंगावरून लेक म्हणाली. ती अकरावी सायन्सला आहे, म्हणजे तिला सगळं कळतं आणि उठायला वेळ नसतो. विजेच्या बिलाच्या पाठीवर तिनं हिशेब मांडला. कपाट ७० किलो, आतला ऐवज ६०, एकूण १३०. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात त्याचा आकडा, तिचा तो म्यू, ०.४ धरला. गुणाकार ५२. म्हणजे ५२ किलो उचलायला लागेल तेवढा जोर आडवा लावला, तर कपाट हलणार. माझं वजन ६५, पायात मोजे, गुळगुळीत फरशीवर त्यांचा म्यू जेमतेम ०.२. म्हणजे १३ किलोच्या वर जोर गेला की माझेच पाय सुटणार. "तू कितीही व्यायाम केलास तरी उपयोग नाही." बातमी तशी दिलासा देणारी होती.

मोजे काढले आणि कपाट रिकामं केलं तर २८ किलोतच काम होतं आणि बाबा एकटा पुरतो, असंही तिनं सिद्ध केलं. विज्ञान इथवर आलं आणि बायकोपाशी अडलं. "येवल्याची पैठणी आहे त्यात. घड्या विस्कटतील. एक रुमालसुद्धा बाहेर काढायचा नाही."

मोजे तेवढे निघाले.

मग समोरचे तात्या आले. तरुणपणी चैत्रातल्या एकादशीला त्यांनी श्रीरामाच्या रथाचा दोर ओढला आहे, त्यामुळं गल्लीत काहीही जड हलणार असलं की त्यांना बोलवावं लागत नाही. रथाला चाकं असतात आणि कपाटाला पाय, हा फरक त्यांच्या लेखी किरकोळ.

"आडवं पाडा आणि ओढा," तात्या म्हणाले.

"म्हणजे सगळी पाठ जमिनीला टेकणार! आणखी नाही का अडकणार?" बायको म्हणाली.

भांडण रंगणार, तेवढ्यात लेकीनं १६९९ साल काढलं. त्या साली गियोम आमोंतों या फ्रेंच माणसानं मांडलं, की घर्षण वजनाबरोबर वाढतं, पण वस्तू किती जागेवर टेकली आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. लिओनार्दो दा विंचीनं हे दोनशे वर्षं आधी वह्यांत टिपून ठेवलं होतं, छापलं मात्र नाही. कारणही गमतीचं आहे. पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला तरी त्याला बारीक उंचवटे असतात आणि खरा स्पर्श फक्त त्यांच्या टोकांचा. वजन वाढलं की टोकं दबतात, खरा स्पर्श वाढतो. नुसतं पसरून ठेवलं तर वजन जास्त टोकांत वाटलं जातं, बेरीज तीच. या आमोंतोंना लहानपणापासून ऐकू येत नसे. बायको आणि तात्या एकाच वेळी बोलू लागले, तेव्हा मला त्यांचा फार हेवा वाटला.

शेवटी उभ्यानंच ढकलायचं ठरलं. "हैश्शा!" तात्या गरजले. ही आरोळी काही हौसेची नाही. थांबलेल्या वस्तूचं घर्षण, लेकीच्या भाषेत स्टॅटिक, महाबेरकी असतं. तुम्ही दहाचा जोर लावा, ते दहानंच अडवतं. चाळीस लावा, चाळीसनं. त्याची कमाल मर्यादा सगळ्यांनी मिळून एकाच क्षणी ओलांडावी लागते. एकदा वस्तू सरकली की मात्र घर्षण उतरतं. म्हणून हलती वस्तू थांबवू नये.

कपाट किंचाळत बोटभर सरकलं.

"थांबा! फरशीवर ओरखडा!" बायको ओरडली. आम्ही थांबलो.

"परत स्टॅटिक," लेक म्हणाली.

हे सगळं धुणंभांडी करणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. "सरका दादा," म्हणाल्या. पहारीनं एकेक बाजू उचलायला लावली, पायांखाली ओलं गोणपाट सारलं आणि साबणाचं पाणी ओतलं. पाणी मधे शिरलं की टोकांना टोकं नीट भिडत नाहीत. गोणपाटाचं टोक धरून मावशींनी हिसका मारला आणि कपाट पैठणीसकट निघालं. फेस आमच्या पायांखालीही आला होता. तात्या रथाच्या पवित्र्यात घसरत थेट मोरीपर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "आता जोर सोडू नका!"

कपाट हातभर पुढं आलं. गोणपाट राहिलं खाली. आता गोणपाट ओढावं तर त्यावर १३० किलो, आणि पहार घेऊन तात्या कंबर शेकायला घरी गेलेले.

बायकोनं कात्री आणली आणि बाहेर आलेलं गोणपाट कडेकडेनं कापून टाकलं.

"आता दिसतंय का?" तिनं विचारलं.

नव्हतं दिसत.